कस्तुराबाईंचं पाचवं फूल

"तुम्ही कॉलेजात काय करता?" असं कुणी विचारलं की कस्तुराबाई सांगायच्या, "मी दात लिहिते." विचारणारा बुचकळ्यात पडायचा आणि त्या मजेत पदराआड हसायच्या. पण उत्तरात थट्टा नव्हती. बसवनगुडीतल्या एका डेंटल कॉलेजात त्यांची सव्वीस वर्षं गेली होती आणि त्यातली वीस तरी त्यांनी खरोखरच दात लिहिण्यात घालवली होती.

बाई मूळच्या निपाणीच्या. लग्न होऊन बेंगळुरूला आल्या तेव्हा मराठी आणि कन्नड दोन्ही येत होत्या, तेवढंच काय ते माहेरचं देणं. नवरा घड्याळांच्या कारखान्यात होता. तो अकाली गेला तेव्हा कॉलेजात उपकरणं धुण्याचं आणि उकळण्याचं काम मिळालं. शिक्षण सातवीपर्यंत, पण अक्षर असं, की त्यांनी बरण्यांवर लावलेल्या चिठ्ठ्या वाचायला मोठे डॉक्टर थांबायचे. एकदा शाळांच्या पाहणीला जाणारा कारकून आजारी पडला आणि एका मॅडमनी बरण्यांवरचं अक्षर आठवून यांना गाडीत बसवलं. कारकून आठवड्यात बरा झाला, पण त्याला पुन्हा कुणी बोलावलं नाही.

पाहणी म्हणजे काय ते सांगायला हवं. बारा ते पंधरा वर्षांच्या मुलांचे दुधाचे दात पडून पक्के आलेले असतात, निदान यायला हवे असतात. ते कसे बसलेत, तारा लावून सरळ करायची गरज किती मुलांना आहे आणि ती किती निकडीची, हे दर वर्षी शिकाऊ डॉक्टरांपैकी कुणीतरी शाळाशाळांतून फिरून तपासतं. खिडकीजवळ खुर्ची मांडायची, मुलाला उजेडाकडे तोंड करून बसवायचं. डॉक्टरने छोटा आरसा आणि पट्टी घेऊन बघायचं आणि एक ते पाच यातला आकडा सांगायचा. एक म्हणजे काहीच करायला नको. पाच म्हणजे उपचार हवाच, आणि लवकर हवा. शेजारी बसलेल्या लिहिणाऱ्याने तो आकडा मोठ्याने परत म्हणायचा आणि मगच रकान्यात लिहायचा. परत म्हणणं हा नियमच होता, म्हणजे ऐकण्यात चूक झाली तर जागच्या जागी कळते. शेवटी मुलापुढे दहा फोटोंचं एक कार्ड धरायचं. दहा जणांचे दात. पहिला फोटो सगळ्यात देखणा, दहावा सगळ्यात वेडावाकडा. यातले तुझ्यासारखे कुठले, असं मुलालाच विचारायचं. त्याचं उत्तर वेगळ्या रकान्यात लिहायचं.

वीस वर्षांत कस्तुराबाईंनी किती तोंडं पाहिली त्याची गणतीच नव्हती, आणि तरीही त्यांचं नवल काही ओसरलं नव्हतं. दात तेच, त्याच क्रमाने येणारे, पण दोन तोंडं एकसारखी म्हणून दिसली नाहीत. कुठे दोन दात एकमेकांना खांदा लावून उभे, कुठे एकाने दुसऱ्याकडे पाठ फिरवलेली. त्याहून नवल त्यांना त्या कार्डाचं वाटायचं. ओळीने मणी ओवल्यासारखे दात असलेला मुलगा आरशात बघून नवव्या फोटोवर बोट ठेवायचा आणि जिचे दात ओठांत मावत नाहीत ती पोरगी खुशाल पहिल्या फोटोवर. देवाने माणसाला डोळे दिले ते दुसऱ्याला बघायला, स्वतःला नाही, असं त्यांचं पक्कं मत झालं होतं.

त्यांचे स्वतःचे दात पुढे होते. चांगलेच पुढे. निपाणीच्या शाळेत त्यांना 'फावडी' म्हणायचे, आणि तेव्हापासून हसताना जो पदर तोंडावर आला तो आला. दातांच्याच कॉलेजात जन्म काढलेल्या बाईला तारा लावून घ्यायचं कुणी सुचवलं नसेल असं नाही. मोठ्या मॅडमनी तर दोनदा सुचवलं. "आता कुणाला दाखवायचेत?" असं म्हणून कस्तुराबाईंनी विषय उडवून लावला.

आता फुलांची गोष्ट. आठ वर्षांपूर्वी एका शाळेत तपासणी चालू होती. दाराशी मुलांची रांग. खुर्चीतल्या मुलाला बघून डॉक्टर "पाच" म्हणाले आणि कस्तुराबाईंनी नियमाप्रमाणे खणखणीत आवाजात "ऐदु" म्हटलं, कारण त्या आकडे कन्नडमध्ये म्हणायच्या. रांगेतल्या पोरांना काय लागतं? मोठा आकडा म्हणजे वाईट दात, हे त्यांनी पाच मिनिटांत ताडलं होतं. मधल्या सुट्टीपर्यंत त्या मुलाचं नाव 'ऐदु' पडलं आणि सुट्टीनंतर रांगेतली निम्मी मुलं ओठ घट्ट मिटून खुर्चीत बसली, काही केल्या तोंड उघडेनात. हाक पोरांनी मारली असली तरी ते नाव पहिल्यांदा आपल्याच तोंडून बाहेर पडलं, हे कस्तुराबाईंना गाडीत बसल्यावर कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या नेहमीसारख्या गांधी बझारात श्यामलाकडे फुलं घ्यायला गेल्या आणि तिथेच त्यांना तोड सापडली. श्यामलाच्या टोपल्या ओळीने मांडलेल्या असायच्या. अगदी पुढे मल्लिगे, म्हणजे मोगरा. मग सेवंतिगे, आपली शेवंती. मग कनकांबर, अबोलीच ती. मग गुलाब. आणि सगळ्यात शेवटी, ओल्या पानावर मोजून मांडलेली संपिगे, म्हणजे सोनचाफा. टोपल्या पाच आणि आकडेही पाच. त्या दिवसापासून एक झाला मल्लिगे आणि पाच झाला संपिगे. डॉक्टरने फूल म्हणायचं, बाईंनी तेच फूल परत म्हणायचं, आणि कागदावर मात्र आकडा लिहायचा. डॉक्टर आधी हसले, मग त्यांनी करून पाहिलं, आणि त्या दिवशी एकाही मुलाने तोंड मिटून घेतलं नाही. पुढे दर वर्षी येणाऱ्या नव्या डॉक्टरला कस्तुराबाई गाडीतच फुलं पाठ करायला लावायच्या.

या वर्षीची शिकाऊ डॉक्टर सिद्धी पुण्याहून आली होती. शिकायला हुशार, चालायला भरभर, बोलायला त्याहून भरभर. तिला हे फुलांचं प्रकरण पहिल्या दिवशी अजिबात रुचलं नाही. थीसिसमध्ये हे सगळं कुठे बसवायचं, असा तिचा सवाल होता. लिहायचे आकडेच, फुलं नुसती बोलण्यापुरती, अशी कस्तुराबाईंनी तिची समजूत काढली. दर दहावं मूल दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासायचं आणि दोन्ही आकडे जुळतात का बघायचं, अशीही एक रीत असते. पहिल्या शंभर मुलांत लिहिण्यातली एकही चूक निघाली नाही, तेव्हा सिद्धी फुलांबद्दल बोलायची थांबली. आठवड्याभराने ती श्यामलाकडून स्वतःसाठी गजरा घेताना सापडली.

इलेक्ट्रॉनिक सिटीच्या मागच्या बाजूला एक सरकारी शाळा आहे. तिथल्या तपासणीच्या तिसऱ्या दिवशी हर्षिता खुर्चीत येऊन बसली. तेरा वर्षांची, दोन वेण्या, डोळ्यांत धिटाई. मातृभाषेच्या रकान्यात 'मराठी' दिसल्यावर कस्तुराबाईंनी तिला गाव विचारलं. वडील मंजुनाथ इथलेच, आई रंजिता खानापूरची, असं तिने चटकन सांगितलं. कस्तुराबाईंना ती माहेरची वाटायला एवढं पुरे होतं.

दात तर छान दिसत होते. सिद्धीने आरसा फिरवला, पट्टी लावली, आणि मग थांबली. उजवीकडचा वरचा सुळा होता. डावीकडे त्या जागी अजून दुधाचा छोटा सुळाच टिकून होता आणि शेजारचा दात जरासा कलला होता. सिद्धीने वरच्या ओठाखाली हिरडीवरून बोट फिरवलं, उजवीकडे, मग डावीकडे, मग पुन्हा डावीकडे. यायचा दात हिरडीखाली असला तर बोटाला उंचवटा लागतो. इथे काहीच लागत नव्हतं. म्हणजे दात कुठेतरी भलतीकडेच आडवा झाला असणार. सिद्धीचा चेहरा गंभीर झाला.

"संपिगे," ती म्हणाली.

"संपिगे," कस्तुराबाई म्हणाल्या आणि त्यांनी पाचाचा आकडा लिहिला.

हर्षिताचा चेहरा असा उजळला की लिहिता लिहिता कस्तुराबाईंनी मान वर केली. कार्ड पुढे धरल्यावर पोरीने पहिल्या फोटोवर बोट ठेवलं आणि तिच्याकडे बघून ते चुकीचं आहे असं कुणीही म्हटलं नसतं. मग ती दारापाशी जाऊन रांगेला सांगू लागली की मला संपिगे मिळालं, एकटीला. मल्लिगे मिळालेल्या दोन मुली हिरमुसल्या. कस्तुराबाई पदराआड हसल्या. त्या हसण्याची त्यांना पुढे कितीदा तरी लाज वाटली.

चार आणि पाच आलेल्या मुलांच्या घरी कॉलेजचं पत्र गेलं. अमुक तारखेपर्यंत मुलाला घेऊन या, पुढची तपासणी आणि उपचार पाहणीतल्या मुलांना मोफत आहेत. बरीच मुलं आली. हर्षिता आली नाही. पाच आठवडे गेल्यावर सिद्धीने फोन केला आणि फोन ठेवून ती तशीच नोंदींच्या खोलीत आली. तिला हसावं की रडावं कळत नव्हतं. आईने अगदी अदबीने सांगितलं होतं की आमच्या मुलीच्या दातांना शाळेत सगळ्यात वरचं फूल मिळालंय. पत्र चुकून आलं असेल. आमची जागा एखाद्या गरजू मुलाला द्या.

कस्तुराबाईंनी पेन खाली ठेवलं.

श्यामलाच्या टोपल्या त्यांच्या डोळ्यांपुढे उभ्या राहिल्या. शेवटची टोपली, ओल्या पानावर मोजून मांडलेली. साध्या दिवशी बायका मल्लिगे घेतात आणि संपिगे एखादंच, देवाला नाहीतर सणाला. हे त्या रोज बघत होत्या. टोपल्यांच्या क्रमाने पाचावर संपिगे बसवून त्या मोकळ्या झाल्या होत्या आणि आठ वर्षांत एकदाही त्यांच्या मनात आलं नव्हतं की पोरं फुलांना फुलांसारखंच मोजतील. कुणाला वाईट वाटू नये म्हणून लावलेली युक्ती ज्या पोरीला सगळ्यात जास्त गरज होती तिच्याच वाटेत आडवी आली होती.

हा दात नाही आला तर काय होईल, असं त्यांनी विचारलं. सिद्धीने सरळ सांगितलं. आडवा झालेला सुळा गप्प बसत नाही. तो शेजारच्या दाताच्या मुळावर रेलतो आणि ते मूळ हळूहळू विरघळत जातं. वरून काही दिसत नाही, दुखत नाही. दिसतं तेव्हा समोरचा चांगला दात हलायला लागलेला असतो. आता हात घातला तर दोन्ही दात वाचतील. वर्षभराने सांगता येणार नाही.

त्या रविवारी दुपारी कस्तुराबाई आर. व्ही. रोडहून मेट्रोच्या पिवळ्या मार्गावरच्या गाडीत बसल्या. सिद्धी सोबत यायला तयार होती, पण त्यांनी तिला नको म्हटलं. नाव मी ठेवलं तर ते काढायलाही मीच जाते, एवढंच म्हणाल्या. गाडी उंचावरून धावत होती, खाली काचेच्या इमारती मागे पडत होत्या आणि त्या मनातल्या मनात वाक्य जुळवत होत्या. एकही जुळत नव्हतं.

दीड खोलीचं घर. मंजुनाथ रिक्षा घेऊन बाहेर गेले होते. रंजिता एका आयटी पार्कात साफसफाईचं काम करायची, आज सुट्टी म्हणून घरी होती. निपाणीची बाई दारात आली म्हटल्यावर तिने चटई अंथरली, चहा टाकला, दोन गावांतली कोण कोण माणसं ओळखीची निघतात ते चाचपून पाहिलं. आणि मग हर्षिता आतून आली. तिच्या केसांत एक संपिगेचं फूल होतं.

त्या दिवसापासून दर शुक्रवारी नवं आणून माळते, रंजिता कौतुकाने सांगू लागली. हे परवाचं, सुकलं तरी काढत नाही. शेजारणींना सांगून झालं, खानापूरला फोन करून झालं. मग तिचा आवाज जरा खाली आला.

"आमच्या घरात कशातच कुणी पहिलं आलं नव्हतं, अक्का. हीच पहिली आली."

कस्तुराबाईंनी चहाचा कप खाली ठेवला. वीस वर्षं त्यांनी दुसऱ्याचं बोलणं परत म्हटलं होतं. डॉक्टरने म्हणायचं, त्यांनी म्हणायचं. आज पहिल्यांदा आपलं स्वतःचं काहीतरी बोलायचं होतं आणि तेही या पोरीपुढे. उठून निघून जावं असं त्यांना फार वाटलं.

"ते फूल शाळेनं दिलं न्हवं, डॉक्टरनं पण न्हवं," त्या म्हणाल्या. "मी दिलंय. आकडा ऐकून पोरं चिडवतात म्हणून मी आकड्यांना फुलांची नावं लावली. मल्लिगे म्हणजे एक, चांगलं हाय, काही करायला नको. संपिगे म्हणजे पाच. पाच म्हणजे औषधपाणी सगळ्यात आधी हिला पाहिजे. चूक माझी झाली. फूल लावताना मी पोरांचा इचार केला, पण पोरं काय इचार करतील ते बघितलं न्हाई."

रंजिताचा चेहरा आधी गोंधळला, मग तांबूस झाला. तिच्या मनात खानापूरचा फोन आला असणार, शेजारणी आल्या असणार. हर्षिताने हात वर नेऊन केसांतलं फूल काढलं आणि मुठीत धरलं.

"म्हणजे माझे दात वाईट आहेत?"

"दिसायला तुझे दात शाळेत सगळ्यात चांगले हाईत. ते मी पण बघितलंय." कस्तुराबाई तिच्याजवळ सरकल्या. "जा, हात धुऊन ये. मग सांगते."

पोरगी हात धुऊन आली. कस्तुराबाईंनी तिचंच बोट तिच्याच वरच्या ओठाखाली ठेवायला लावलं. आधी उजवीकडे, सुळ्याच्या वर. तिथे मुळाचा उंचवटा लागतो का? हर्षिताने मान हलवली, लागतो. आता डावीकडे, तेवढ्याच उंचीवर. पोरीचं बोट फिरत राहिलं, पुढे, मागे, पुन्हा पुढे. तिचे डोळे हळूहळू मोठे होत गेले.

"इथं काहीच नाही."

"दात हाय. पण तिथं न्हाई. वाट चुकून दुसरीकडंच कुठंतरी आडवा पडलाय. त्याला वाटेवर आणायला पाहिजे, न्हाईतर तो शेजारच्याला खातोय."

आता पोरगी रडेल, असं कस्तुराबाईंना वाटलं. त्यांनी पदराचं टोक तिच्यासाठी धरूनही ठेवलं. पण हर्षिता रडली नाही. तिचं बोट अजून ओठाखालीच होतं आणि ती आपल्याच तोंडात कुणीतरी राहायला आल्यासारखं ऐकत होती. माझ्यात एक अख्खा दात आहे आणि मलाच ठाऊक नाही, असं ती दोनदा म्हणाली, आणि तिच्या आवाजात दुःखापेक्षा नवलच जास्त होतं. वीस वर्षं मुलांची तोंडं बघून कस्तुराबाई चकित होत आल्या होत्या. स्वतःच्या तोंडाने चकित झालेलं मूल त्यांनी पहिल्यांदा पाहिलं.

मग हर्षिताने बोट बाहेर काढलं आणि सरळ विचारलं, "तुम्हाला कुठलं फूल आलं होतं?"

रंजिता तिला दटावणार होती. कस्तुराबाईंनी हाताने थांबवलं. क्षणभर त्यांचा हात सवयीने तोंडाकडे गेला. तो त्यांनी मांडीवर ठेवला आणि दात दिसतील असे ओठ मागे घेतले. इतकी वर्षं कॉलेजात राहून ते दात कुणी नीट पाहिले नव्हते. पोरीने मात्र अगदी मन लावून पाहिले, सिद्धीसारखी मान तिरकी करून.

"माझे कुणी मोजलेच न्हाईत," कस्तुराबाई म्हणाल्या. "मी बसलेच न्हाई त्या खुर्चीत."

"संपिगे," हर्षिताने निकाल दिला. आणि मुठीतलं चुरगळलेलं फूल तिने त्यांच्या तळहातावर ठेवलं.

कस्तुराबाईंना हुंदका आला की हसू, ते त्यांनाही कळलं नाही. रंजिता डोळे पुसत उठली आणि भिंतीवरच्या दिनदर्शिकेत सुट्टीचा दिवस शोधू लागली.

गुरुवारी त्या दोघी मायलेकी कॉलेजात आल्या. एक्स-रे निघाला आणि पडद्यावर उजळला. असे एक्स-रे तिथे रोज निघतात, डॉक्टरांना त्याचं काय? पण कस्तुराबाई दाराशी उभ्या होत्या आणि त्यांच्या अंगावर काटा आला. टाळूच्या आत, हाडात, एक सुळा आडवा झोपला होता. टोकापासून मुळापर्यंत पुरा घडलेला, पांढरा, नितळ. कुणी पाहत नसताना, कुणाला लागत नसताना तो तिथे तयार झाला होता. बोट बाहेरून कितीही चाचपडलं तरी लागणार नाही इतक्या आत. त्याचं टोक शेजारच्या दाताच्या मुळाला टेकलं होतं आणि टेकलं होतं तिथे मुळाची कड खरवडल्यासारखी झिजली होती. मोठ्या मॅडमनी, म्हणजे सुचेता मॅडमनी, पट्टी लावून पाहिली आणि वेळेत आणलीत, एवढंच म्हणाल्या.

पुढचं काम सावकाशीचं. दुधाचा सुळा काढला. टाळूची कातडी थोडी उघडून झोपलेल्या दातावर एक छोटीशी कडी चिकटवली, तिला बारीक सोन्याची साखळी बांधली आणि साखळीचं टोक तारेत अडकवलं. तार ओढ लावते, पण किती? बोटाने फुलाची पाकळी उलटावी तितकीच. त्याहून जास्त लावली तर बिघडतं. सिद्धी हे सांगायची तेव्हा कस्तुराबाई हरखून ऐकायच्या. हाडात रुतलेला दात एवढ्याशा ओढीने चालतो, महिन्याला जेमतेम एक मिलिमीटर, हाड पुढून विरघळत जातं आणि मागून भरत येतं. सव्वीस वर्षं त्या इमारतीत राहूनही ही गोष्ट आपल्याला कुणी सांगितली नव्हती, किंवा आपण विचारलीच नव्हती, याची त्यांना चुटपुट लागली.

दरम्यान त्यांनी दोन कामं केली. पाहणी चालूच होती आणि फुलंही चालू राहिली, कारण रांग अजून तशीच उभी असायची आणि पोरंही तशीच. पण आता ज्या मुलाला गुलाब किंवा संपिगे यायचं त्याला त्या शाळा सुटायच्या आत बाजूला घ्यायच्या, हात धुवायला लावायच्या आणि फुलाचा अर्थ त्याच्याच बोटाने त्याला सांगायच्या. दुसरं काम म्हणजे आठ वर्षांच्या जुन्या वह्या काढून, पाच आलेली पण कधीच न आलेली मुलं शोधून, त्यांनी एकेकाच्या पत्त्यावर आपल्या हाताने पत्रं लिहिली. सिद्धी म्हणायची, अक्का, ती मुलं आता मोठी झाली असतील. त्या लिहीतच राहिल्या. बरीच पत्रं परत आली. चार मुलं आली.

हर्षिता दर महिन्याला यायची. तोंड उघडायची, सिद्धी बघायची, तार बदलायची, आणि काहीच दिसायचं नाही. सहा महिने गेले, नऊ गेले. पोरगी कधी कंटाळायची, कधी चिडायची. रंजिताची रजा संपत आली की मंजुनाथ पोरीला रिक्षातून सोडायचे. एकदा हर्षिताने कस्तुराबाईंना नोंदींच्या खोलीत गाठून विचारलं की तो खरंच येतोय ना? कस्तुराबाईंनी होय म्हटलं. पण घरी जाताना त्यांनी गांधी बझारातल्या गणपतीला संपिगेचं फूल वाहिलं, जे त्या कधी घ्यायच्या नाहीत. डॉक्टरांचं शास्त्र खरं असेल, पण आपलं फूल एकदा खोटं पडलेलं आहे, हे त्यांच्या मनातून जात नव्हतं.

कस्तुराबाईंच्या निवृत्तीला तीन आठवडे उरले होते तेव्हाची गोष्ट. त्या वह्यांची आवराआवर करत होत्या आणि सिद्धी दारात येऊन उभी राहिली. ती नुसतं चला म्हणाली. खुर्चीत हर्षिता बसली होती, वर्षभरात हातभर उंच झालेली. ती तोंड उघडायच्या आधी म्हणाली की आधी अक्कांनी बघायचं.

इतक्या वर्षांत कस्तुराबाईंनी कुणाच्या तोंडात कधी बोट घातलं नव्हतं. ते त्यांचं कामच नव्हतं. सिद्धीने हातमोजा पुढे केला. वही बगलेत, पेन डाव्या हातात, अशा त्या पुढे झाल्या. हर्षिताने त्यांचं मनगट धरलं आणि बोट नेऊन बरोबर त्या जागेवर ठेवलं, जिथे चटईवर बसून दोघींनी रिकामी हिरडी चाचपली होती.

बोटाला टोक लागलं. टणक, बारीक, सुळ्याचं टोक. हिरडी फाडून ते नुकतंच बाहेर आलं होतं, तांदळाच्या कणीएवढं. कस्तुराबाईंचं बोट तिथून हलेना. जो दात कुणालाच दिसत नव्हता, जो त्यांनी आकड्यात लिहिला होता आणि फुलात लपवला होता, तो स्वतःच्या पायांनी चालत आल्यासारखा त्यांच्या बोटाशी येऊन थांबला होता.

"आला," सिद्धी म्हणाली. तिला तारीख नोंदवायची होती.

लिहिणाऱ्याने परत म्हणायचं, हा नियम. हर्षिता कस्तुराबाईंचं बोट तोंडात तसंच ठेवून त्यांच्याकडे बघत वाट पाहत होती.

"आला," त्या म्हणाल्या, आणि हसल्या. सगळे दात दाखवून हसल्या. एक हात पोरीच्या तोंडात होता, दुसऱ्यात पेन होतं, आणि पदर धरायला तिसरा हात नव्हता.